गाववार वही

"मंदीचे बाबा," ती म्हणाली.

मी वहीतून मान वर न काढता म्हटलं, "बाई, नाव सांगा. कैद्याचं नाव."

"तेच तं सांगून रायली बाबू. मंदीचे बाबा. सावरखुट्याचे. तायडे."

रांगेतल्या दोघीतिघी पदराआड हसल्या. मी मान वर केली. चाळिशीची, उन्हाने रापलेली बाई. हातात फडक्यात बांधलेली एक बाटली होती. ती खिडकीच्या गजांपासून जरा लांबच उभी होती, जणू गजांना हात लागला तर कुणी रागवेल.

ही एकोणसत्तर सालची गोष्ट. वऱ्हाडातल्या एका जिल्ह्याच्या तुरुंगात मी कारकून म्हणून लागलो त्याला सात महिने झाले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी कैद्यांच्या भेटी असत. नातेवाइकाने खिडकीवर येऊन कैद्याचं नाव सांगायचं, मी नामावळीत बघायचं, नंबर काढून चिठ्ठी करायची आणि शिपायाच्या हातात द्यायची. ती चिठ्ठी आत गेली की मग माणूस जाळीपाशी येई. माझ्या बोटाशिवाय बाहेरचा माणूस आतल्याला भेटू शकत नव्हता, आणि हे मला फार लवकर कळलं होतं. सात महिन्यांचा कारकून असतो तितका कडक तीस वर्षांचा नसतो.

"तायडे आडनावावर काही सापडत नाही," मी म्हणालो. "ही वही पहिल्या नावाच्या अक्षरावर आहे. नवऱ्याचं नाव सांगा."

तिने तोंड फिरवलं. "घेत नसते बाबू."

"इथे घ्यावं लागतं."

"आयुष्य कमी होते त्याइचं."

मागची एक म्हातारी लगेच तिच्या मदतीला आली. "खरं हाये तिचं. आमच्यात बी घेत नाही."

माझ्या आईनेही वडिलांचं नाव कधी घेतलं नव्हतं, आणि ते मला मुळीच विचित्र वाटत नव्हतं. पण घरी एक आणि खुर्चीत बसल्यावर एक, अशी माझी तऱ्हा होती. मागे रांग वाढत होती, आणि रांगेला हसवलं की ती ताब्यात राहते हे मी शिकलो होतो.

"बरं, उखाणा घ्या मग," मी म्हणालो. "उखाण्यात चालतं ना? लग्नात घेतला असेल."

सगळे हसले. ती हसली नाही.

"लग्नात बी नाही घेतला," ती म्हणाली. "मले लाज वाटली. सासू म्हने, राहू द्या, लेकरू हाये." मग ती म्हणाली, "अन् उखाना हसत्या तोंडानं घेते मानूस."

मी म्हटलं, "नाव नाही तर भेट नाही. पुढचे या."

ती बाजूला झाली आणि दुपारपर्यंत समोरच्या लिंबाखाली बसून राहिली. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा उठली, फडकं पुन्हा घट्ट बांधलं आणि गेली. हा शुक्रवार होता.

मंगळवारी ती पुन्हा आली. या खेपेला तिच्याकडे कागद होता, आणि तिच्या चेहऱ्यावर थोडी हुशारीही होती.

"शाळेच्या मास्तरकून लिहून आनलं," तिने कागद गजांतून आत सारला. "आता तं झालं ना?"

छान वळणदार अक्षरात लिहिलं होतं: बाजीराव तायडे, मुक्काम सावरखुटा.

मी 'ब'चं पान काढलं. बबन होते तीन, बळीराम दोन, बाळू चार. बाजीराव कुणी नव्हता. बोट खालून वर पुन्हा नेलं. मी आळशी होतो असं कुणी म्हणू नये, जेवढं काम माझं समजत होतो तेवढं मी चोख करत होतो.

"बाई, हा माणूस इथे नाही."

"असं कसं होईन? फौजदारानं सांगतलं, इथीच पाठवलं म्हनून. मालकाच्या वावरातलं इंजिन चोरीले गेलं, तं त्याइच्यावर नाव घेतलं. सालदार होते ना ते तिथले. वर्षभर तिथीच राबत, मंग दुसऱ्या कोनावर घेईन नाव."

"फौजदार काहीही सांगतात. शेजारच्या जिल्ह्याच्या तुरुंगात विचारा. तिकडे नेलं असेल."

"तिथी मोटार जाते का?"

"जाते. दोन ठिकाणी बदलावी लागते."

तिने बाटली पुढे केली. "अडुळशाचा काढा हाये. त्याइले खोकला हाये लय. हे तरी पोचवून द्या."

"माणूसच नाही तर पोचवू कुणाला?"

तिला ते पटलं असावं. बाटली तिने परत पदराखाली घेतली. जाताना मला हात जोडून गेली. तो नमस्कार मला तेव्हा माझ्या हक्काचा वाटला होता.

आमच्या टेबलाच्या पलीकडे हिवरकर नाना बसत. ते हेडक्लार्क. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, तोंडात कायम सुपारी. ते एवढंच म्हणाले, "सावरखुटा म्हणजे नदीपलीकडचं. पायी चार कोस आहे मोटारीपर्यंत." मी म्हटलं, "हो का?" आणि पुढच्या माणसाचं नाव विचारलं.

ती तिसऱ्यांदा आली ती पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. पहिल्या भेटीला बरोबर दोन आठवडे झाले होते. मी तिला लांबूनच ओळखलं आणि मनात म्हटलं, आली मंदीची आई. पण ती रांगेत होती आणि आपली पाळी येईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलली नाही. तिची वहाण तुटली होती आणि सुतळीने बांधलेली होती.

खिडकीशी आल्यावर तिने या वेळी दोन्ही हातांनी गज धरले.

"तिथी नाहीत ते," ती म्हणाली. "तिथच्या जमादारानं मले सांगतलं, गावात हाक मारते ते नाव येगळं अन् कागदावरचं नाव येगळं असू शकते. बाजीराव हे गावानं ठेवलेलं हाये. लहानपनी लाठी खेळत लय, म्हनून. मास्तरले बी तेच मालूम, पाटलाले बी तेच." तिने गज आणखी घट्ट धरले. "खरं नाव सासूले मालूम होतं, ती मेली. आता मले एकलीलेच मालूम हाये."

"मग सांगा की."

ती खाली बघत होती. गजांवरची तिची बोटं पांढरी झाली होती. मागे कुणी हसत नव्हतं. मागच्या बायकांना कळलं होतं काय चाललंय ते.

"पुंजाजी," ती म्हणाली. मग एका दमात, "पुंजाजी रामजी तायडे." आणि तिने पदराने तोंड पुसलं.

मी 'प'चं पान उघडलं. पुंजाजी एकच होता. नंबर दोनशे सतरा. इतकं सोपं होतं ते. मी नंबर चिठ्ठीवर लिहिला आणि बराक कोणती ते बघायला मोठं रजिस्टर ओढलं. दोनशे सतराची ओळ काढली.

ओळीच्या शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात, लाल शाईने लिहिलं होतं: मयत. आणि ते अक्षर माझंच होतं.

मला सगळं एकदम आठवलं. गेल्या शनिवारी सकाळी सरकारी दवाखान्यातून निरोप आला होता, दोनशे सतरा नंबर क्षयाने गेला. लाल शाईची दौत काढून मी शेरा लिहिला. सावरखुट्याच्या पोलीस पाटलाला कळवण्यासाठी पत्रही मीच लिहिलं, सावरखुटा हे नाव माझ्या हाताने, ठळक अक्षरात. सोमवारी पोलिसांकडून उत्तर आलं की सदर नावाचा इसम गावात राहत नाही, आणि तेही मीच फायलीला लावलं. संध्याकाळी नगरपालिकेच्या माणसांनी बेवारस म्हणून त्याला जाळलं. पाटील खोटं बोलला नव्हता. त्याच्या गावात पुंजाजी नावाचा माणूस खरोखरच कुणाला माहीत नव्हता.

मी चिठ्ठी हातात धरून बसलो.

"हाये ना?" ती म्हणाली. "हायेत ना ते?"

मी चिठ्ठी उलटी करून ठेवली. पण लोक तुरुंगाच्या खिडकीवर कान देऊन नाही, तोंडाकडे बघत उभे असतात. तिला कळलं. तिने हळूच एक हात उचलला आणि आपल्याच तोंडावर ठेवला. रडायला नव्हे. जे बाहेर गेलं होतं ते परत आत ढकलावं तसा तो हात तिथे दाबून धरला होता.

"म्या नाव घेतलं," ती हाताआडून म्हणाली. "आता घेतलं म्या."

मी खिडकी लावली आणि बाजूच्या दाराने तिला कचेरीत आणलं. बाकावर बसवलं, पाणी दिलं. ते तिने घेतलं नाही. हिवरकर नानांनी रजिस्टर बघितलं, तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"ती याआधी आली होती ना?"

"दोनदा."

"मग तारीख सांगत बसू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले. "आजारी होता, मयत झाला, एवढं सांग. सामानाच्या पावतीवर अंगठा घे आणि मोकळा हो. उगीच अर्जफाटे होतील. तुझी नोकरी अजून पक्की नाही."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. आणि खरं सांगतो, मला ते ऐकून हायसं वाटलं. तारीख न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला लगेच समजावलंही.

मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. "ते आजारी होते," मी म्हणालो. "दवाखान्यात नेलं होतं. वारले."

"म्या नाव घेतलं म्हनून," ती म्हणाली. ती मला सांगत नव्हती, स्वतःशीच हिशेब लावत होती. "बावीस वर्सं नाही घेतलं. एक डाव बी नाही. तापात बडबडली तवा बी नाही. अन् आज घेतलं."

तिचे डोळे कोरडे होते. ती आता घरी जाणार होती आणि जन्मभर हेच धरून बसणार होती, हे मला स्वच्छ दिसलं. एका शब्दाने नवऱ्याला मारलं असं समजून ती उरलेलं आयुष्य काढणार होती. आणि ते गाठोडं तिच्या डोक्यावरून उतरवायला मला फक्त एक तारीख सांगायची होती.

"आज नाही गेले," मी म्हणालो. "गेल्या शनिवारी गेले. पहाटे."

नानांनी सुपारी चावायची थांबवली.

तिने मान वर केली. "शनिवारी?"

"शनिवारी. आज शुक्रवार. तुम्ही नाव घेतलं त्याच्या सहा दिवस आधी. नाव घेण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

तिने हात तोंडावरून काढला. बोटांवर मोजायला लागली. शनिवार, आयतवार, सोमवार. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल पडलं, आणि मला वाटलं, सुटलो. पण ती मोजतच राहिली. आता तिचं बोट मागे जात होतं. शुक्रवार, गुरुवार, बुधवार, मंगळवार. मंगळवारी ते थांबलं.

"मंगळवारी तं मी इथीच होती," ती म्हणाली.

"हो."

"तवा होते ते?"

"होते."

"इथीच?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. त्या भिंतीपलीकडे तुरुंगाचा छोटा दवाखाना होता, चार खाटांचा. सरकारी दवाखान्यात हलवेपर्यंत तो तिथेच होता. खिडकीपासून पन्नास पावलं असतील.

ती त्या भिंतीकडे वळून बसली. मग म्हणाली, "तुमी तं पयल्याच दिशी म्हनलं होतं, नाव सांगा. म्या नाही सांगतलं. सांगतलं असतं तं भेटले असते. नाही घेतलं म्हनून गेले ते एकले."

एक गाठोडं उतरलं आणि दुसरं, पहिल्याहून जड, तिने आपण होऊन उचललं. नाना मला डोळ्यांनी खुणावत होते की बस झालं. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर माझ्यावर कधीच काही आलं नसतं. तिने स्वतःच सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, अगदी रीतसर.

"नाही," मी म्हणालो. "नाव न सांगताही सापडले असते."

"कसे?"

मी मोठं रजिस्टर उचलून तिच्यासमोर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ठेवलं. "यात नावापुढे गाव लिहिलेलं असतं. तेव्हा आत तीनशे चाळीस माणसं होती. सावरखुट्याचं कोण आहे, एवढंच मला बघायचं होतं. पानं उलटायची. अर्ध्या तासाचं काम. तुम्ही पहिल्या दिवशी गाव सांगितलं होतं. दुसऱ्या खेपेला लिहूनही आणलं होतं. मी पानं उलटली नाहीत."

"काऊन?"

या प्रश्नाला मी आजवर पुष्कळ उत्तरं शोधली आहेत. रांग होती. तशी पद्धत नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला एकच सुचलं, आणि तेच खरं होतं.

"मला वाटलं, नाव सांगणं तुमचं काम आहे."

तिने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हंजे म्या नाव घेतलं म्हनून नाही," ती म्हणाली.

"नाही."

"अन् नाही घेतलं म्हनून बी नाही."

"नाही."

"तुमच्यानं."

"हो," मी म्हणालो. "माझ्यामुळे भेट झाली नाही."

तिने मान हलवली. ती मला शिव्या देईल, पाय आपटेल, बाहेर जाऊन लोकांना सांगेल असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे मी लाज सोडून सांगतो. तिने यातलं काही केलं नाही. माफही केलं नाही. पुन्हा त्याबद्दल एक शब्द काढला नाही. रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाली, "यात काय लिवलं हाये त्याइचं? वाचा."

मी वाचलं. "पुंजाजी रामजी तायडे. वय अंदाजे पंचेचाळीस. धंदा सालदारी. राहणार सावरखुटा. उंची पाच फूट चार इंच. ओळखीच्या खुणा. उजव्या भुवईत जुना व्रण. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग."

"भुवईचं मले मालूम नाही. लहानपनचं असन," ती म्हणाली. "मनगटाचं मालूम हाये. मंदीच्या येळेस मी बाळंतीन होती. घरात दुसरं कोनी नव्हतं, तं भाकरी त्याइनं थापल्या. तवा लागला होता तवा." तिने रजिस्टरवर परत बोट ठेवलं. "पुना वाचा."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. नाव आलं की ती दर वेळी डोळे मिटत होती. दुसऱ्याच्या तोंडून तरी तिने ते बावीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, कोण जाणे.

सामान म्हणून एक धोतर, एक बंडी आणि तंबाखूची चंची होती. ती तिने पदरात घेतली. पावतीवर घेणाऱ्याचं नाव लिहायचं होतं, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तीन भेटींत मी तिला नाव सांगा, नाव सांगा म्हणून छळलं होतं, पण तिचं नाव एकदाही विचारलं नव्हतं.

"तुमचं नाव काय?"

"मायं?" तिने जरा दचकूनच विचारलं. "गिरजा."

मी लिहिलं. तिने अंगठा उमटवला. मग बाटलीचं फडकं सोडून बाटली टेबलावर ठेवली. "आतमंधी कोनाले खोकला असन तं द्या. ताजा हाये, परवाच उकळला."

मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो. बाहेर भेटीची रांग तशीच उभी होती. ती मोटारीच्या रस्त्याला न लागता तुरुंगाच्या भिंतीकडेने चालत गेली, जिथे मी बोट दाखवलं होतं त्या अंदाजाने. तिथे उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून. आणि तिने हाक मारली. वावरातल्या माणसाला बांधावरून जेवायला बोलवावं तशी मोकळ्या गळ्याने, पूर्ण नावाने. आता नाव घ्यायला तिला हरकत उरली नव्हती. मनोऱ्यावरच्या शिपायाने खाली बघितलं. तिने एकदाच हाक मारली. जरा वेळ थांबली, आणि गेली.

अर्जफाटे काही झाले नाहीत. माझी नोकरी पक्की झाली, मी पस्तीस वर्षं केली. नाना त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी तुटक वागत, आणि निवृत्त होताना मात्र त्यांनी मला आपली लाल शाईची दौत दिली. तिचं काय करायचं ते मला कळलं नाही, मी ती कपाटात ठेवली.

त्या रविवारी मी बाजारातून एक जाड वही आणली आणि कचेरीत एकटा बसून मोठं रजिस्टर पहिल्या पानापासून उतरवायला घेतलं. नावाने नाही, गावाने. कैदी आत आला की मी त्याला विचारायचो, गावात काय म्हणतात, पोरांची नावं काय, घरी कोण आहे. असली वही ठेवा असं कुठल्याही नियमात नव्हतं. पुढे खिडकीवर कुणी बाई येऊन घुटमळली की मी आधी विचारायचो, "कुठल्या गावच्या?" बहुतेकींचा माणूस तेवढ्यावर सापडायचा. एका वहीच्या पुढे अकरा झाल्या.

पहिल्या वहीत पहिल्या पानावरची पहिली नोंद मात्र आत असलेल्या कैद्याची नाही. ती माझ्या अक्षरात अजून आहे, साध्या निळ्या शाईत. सावरखुटा. पुंजाजी रामजी तायडे, गावात बाजीराव. मुलगी मंदी. बायको गिरजा, तीनदा आली. भेट झाली नाही.